पहिल्या मापाला लाभ

घरात माणसं किती, हा प्रश्न मी नोकरीत जितक्यांदा विचारलाय तितक्यांदा ‘जेवलात का’ असंसुद्धा कुणाला विचारलं नसेल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. शिकवणं हे माझं काम, असं नेमणुकीच्या कागदावर लिहिलंय, म्हणून आपलं म्हणायचं. बाकी मतदार मोजा, निरक्षर मोजा, शाळेत न येणारी पोरं मोजा, कुणाच्या घरी संडास आहे ते मोजा. देवणी तालुक्यात नोकरी करून अजून इथला तो नावाजलेला देवणी वळू तेवढा मोजायचा राहिलाय, तोही कधीतरी नशिबात येईलच.

दोन वर्षांमागं पोळ्याच्या आसपास असंच एक सर्वेक्षण वरून आलं. गावात लिहिता-वाचता न येणारे किती ते शोधायचे होते. दुपारी पोरांना माणिकप्पा सरांच्या ताब्यात दिलं आणि मी मोबाईल हातात धरून गल्लीनं निघाले. माणिकप्पा सर आमचे मुख्याध्यापक. शाळेत आम्ही दोघंच, त्यामुळं ते मुख्याध्यापक आणि मी बाकी सगळं. ऊन मी म्हणत होतं. निम्म्या घरांना कुलपं, निम्म्या घरांत म्हातारी माणसं, आणि प्रत्येक म्हातारं विचारणार, बाई, याचे पैसे कधी मिळतील. कशाचेच मिळत नाहीत, हे सांगून सांगून घसा बसला होता.

मारुतीच्या पारामागं पिराजी मामांचं घर. मामा उदगीरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, जुने मापाडी. उभी हयात लोकांचं धान्य मापण्यात गेली. मग इलेक्ट्रॉनिक काटे आले, इकडं कंबरही गेली, तेव्हा गावात येऊन बसले. बायको वारलेली. नात ज्ञानेश्वरी तेवढी जवळ. ती आमच्याच शाळेत दुसरीला होती. मी गेले तेव्हा दोघं सुपात मूग घेऊन निवडत बसले होते.

मी आपलं नेहमीचं रडगाणं सुरू केलं. घरात माणसं किती, मामा?

मामांनी आधी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. “ही लाभ,” म्हणले. मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. “आन मी दोन.”

त्या दिवसभरात मी पहिल्यांदा हसले. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, आमच्याकडं रास मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, असं मोजत जायचं. एक म्हणलं की रास एकटी पडते, बरकत जाते, असं जुनी माणसं मानतात. माझं माहेर कंधारचं, वडलांच्या खळ्यात मीही हेच ऐकत वाढले. पण माणसं मोजताना लाभ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. नात मान खाली घालून मूग निवडत होती आणि गालात हसत होती. तिला ते लाभ म्हणवून घ्यायची सवय असावी.

या पोरीचा बाप, मामांचा मुलगा व्यंकट, लातूरला असतो. एका मोठ्या क्लासमध्ये नोकरी. शिकवायची नव्हे हो. सकाळी शटर उघडायचं, पोरांची हजेरी घ्यायची, झेरॉक्स काढायच्या, आणि निकाल लागला की पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो असलेले फलक चौकाचौकात लावून यायचे. आई राजकन्या तिथंच एका मेसमध्ये पोळ्या लाटते. राहायला क्लासच्या मागची एक खोली. दुसरं पोर, लखन, झालं तेव्हा राजकन्येची तब्येत लई बिघडली, म्हणून ज्ञानेश्वरीला आजीजवळ ठेवलं. पुढं आजी गेली. पोरगी राहिली ती आजोबाजवळच राहिली, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलेना असं झालं.

त्याच महिन्यात शाळेत पालकांचा मेळावा घ्यावा लागला. घरच्यांनी लेकरांना घरी शिकवावं, घर हीच शाळा, वगैरे भाषण वरून लिहून आलेलं असतं. मी नुसतं वाचते. दहा-बारा बाया पदर सावरत बसल्या होत्या आणि त्या घोळक्यात डोक्याला रुमाल बांधलेले एकटे पिराजी मामा. भाषण झालं. कुणाला काही विचारायचंय का, हे वाक्यही लिहूनच आलेलं होतं, तेही मी वाचलं. तर मामा उठून उभे राहिले. म्हणले, मला लिवता येत न्हाई, वाचता येत न्हाई, मोजता येतंय. ते शिकवू का? मी तेव्हा मेळाव्याचा फोटो ग्रुपवर टाकायच्या गडबडीत होते, नेटवर्क येऊन जाऊन होतं. मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणलं, शिकवा की मामा.

मला वाटलं, झालं, विषय संपला. पण तो माणूस घरी जाऊन खरंच शिकवायला बसला. गाडगंभर चिंचोके काढले आणि रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ओसरीवर शाळा. मापाडी लोक मोजताना आकडा सुरात घोळवत ठेवतात, पुढचं माप पडेपर्यंत तोंडातून सोडत नाहीत. दोन रे दोन, दोन रे दोन, मग तीन रे तीन. तसं हे आजोबा-नात सुरात मोजायचे. शेजारची पोरं येऊन बसायला लागली. पोरगी महिन्याभरात शंभराच्या वर गेली, वीस-वीसचे ढीग घालून बेरजा सांगायला लागली. वर्गात इतर पोरं बोटं मोडत बसायची तोवर हिचं उत्तर तयार. मला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर, दिवसभर माहिती भरून भरून डोकं उठलेलं असायचं, त्यात तेवढं एकच बरं वाटायचं.

दिवाळी झाली आणि तपासणीचं पथक आलं. सगळ्या पोरांना वाचता येतं का, मोजता येतं का, हे एकेकाला समोर बसवून बघायचं. वर्गशिक्षकानं आत थांबायचं नाही असा नियम, म्हणून मी दाराबाहेर. आत दुसऱ्या तालुक्यातले एक तरुण गुरुजी, पाठीवर सॅक, हातात मोबाईल. बिचारे सकाळपासून एक शाळा करून आले होते आणि अजून एक करायची होती. ज्ञानेश्वरीचा नंबर आला तेव्हा मी निवांत होते. हिची काय काळजी, असं मनात म्हणत खिचडीच्या पातेल्यात डोकावून आले.

परत येते तोवर आतून आवाज आला. “लाभ, दोन, तीन, चार...”

मी पळत दाराशी आले. गुरुजी म्हणले, पुन्हा सांग बाळा. तिला वाटलं, यांना आवडलं. तिनं गळा मोकळा करून, आजोबाच्या सुरात, पहिल्यापासून सुरुवात केली. लाभ रे लाभ. गुरुजींनी मोबाईलवर बोट टेकवलं आणि पुढच्या पोराला हाक मारली.

मी नियम गुंडाळून आत गेले. म्हणलं, अहो, तिला सगळं येतं, ती मापाड्याची नात आहे, तुम्ही पुढचं विचारा तरी. गुरुजींचा चेहरा पडला. ते काही परके नव्हते. म्हणले, मॅडम, आमच्या आज्याचं पण खळं होतं, मला कळतंय. पण अ‍ॅपला कळत नाही. पहिला आकडा चुकला की ते पुढचा प्रश्नच उघडत नाही, आणि मागं यायला बटण नाही. मी त्या मेल्या अ‍ॅपला मनात जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या घातल्या. गुरुजींना काय बोलणार, त्यांचं बोट तर हुकमाचं ताबेदार. ज्ञानेश्वरी दोघांच्या तोंडाकडं बघत होती. बाई, बरोबर आलं ना, म्हणून तिनं मला विचारलं. मी हो म्हणलं.

निकाल पालकांच्या मोबाईलवर जातो. संध्याकाळी मी उदगीरला घरी निघाले होते, जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसलेली, आणि व्यंकटचा फोन आला. निकालात लिहिलं होतं, वस्तू मोजणे, येत नाही.

“बाई, दुसरीतल्या पोरीला एक येईना,” तो म्हणला. “मी लोकाला काय तोंड दाखवू?”

मी जीपच्या खडखडाटात ओरडून ओरडून सांगितलं, एक येतो हो तिला, ती लाभ म्हणते. तो म्हणला, मग शाळेत आता लाभ शिकवून राहिले का तुम्ही? जीपमधले सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यानं ठरवून टाकलं होतं, संक्रांत झाली की पोरगी लातूरला न्यायची, इंग्लिश शाळेत घालायची. फोन ठेवला तरी माझं डोकं ठणकतच होतं. घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर त्याच्यावरच वसकन ओरडले.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायला गेले तर फाटकाशी पिराजी मामा बसलेले. तोंड धुतलेलं दिसत नव्हतं, चहा तर लांबच. मी खुर्ची दिली, बसले नाहीत. व्यंकटनं त्यांनाही फोन केला होता. पोरगी रात्री जेवली नव्हती. दिवाळीला ती चार दिवस लातूरला राहून आली होती, तिथं तिचा जीव रमत नाही, एका खोलीत चौघं, दारापुढं गाड्या, आली की दोन दिवस गप्प गप्प असते, हे मलाही माहीत होतं. मामा रुमालाचं टोक चुरगाळत राहिले.

“बाई, माझीच चूक झाली म्हना,” म्हणले. “पर ती गेली तर मी घरात कुनासंगं बोलू?”

मला त्या माणसाची कणव आली आणि रागही आला. राग कुणाचा, ते कळेना. व्यंकटचा, अ‍ॅपचा, मेळाव्यात वाचलेल्या त्या भाषणाचा. मी तिथंच उभं राहून व्यंकटला फोन लावला. चांगला अर्धा तास हुज्जत घातली. फेब्रुवारीत शाळेत कौतुक सोहळा होतो, त्या दिवशी राहिलेल्या पोरांची परत तपासणी होते, जमलं त्याला बिल्ला मिळतो. तेवढी वाट बघा म्हणलं. बिल्ला मिळाला तर पोरीला इथंच राहू द्या. माझ्यावर सोडा.

तो म्हणला, “बघू.”

बघू म्हणजे हो, असं मी धरून चालले. इतकी वर्षं या भागात काढून मला ‘बघू’चा अर्थ कळू नये, याचंच आता नवल वाटतं.

मग आमची तालीम सुरू झाली. तुम्हाला वाटेल, लाभच्या जागी एक म्हणायचं, त्यात काय एवढं. करून बघा. पोरगी पाढे म्हणताना बिनचूक एक म्हणायची, फळ्यावर एक लिहायची. पण हातात चिंचोका आला की तोंडातून लाभच. हाताला आणि जिभेला ती सवय एकदमच लागली होती. आणि घरी रोज आजोबा तेच म्हणणार. म्हणून मी मामांना बोलावून सांगितलं, मामा, आता घरीही एकच म्हणायचं, लाभ बंद.

सगळा जन्म मामांनी ज्या तोंडानं पहिल्या मापाला एक म्हणलं नाही, त्याला मी ते म्हणायला सांगत होते. मोंढ्यात नवा हमाल चुकून एक म्हणला तर आडत्या माप पुन्हा ओतायला लावायचा, असं त्यांनी मला सांगितलं. मी म्हणलं, मामा, चिंचोक्याला कुठली आलीय बरकत? ते तसेच निघून गेले. दोन दिवस आलेच नाहीत. मला वाटलं, बसला रुसून म्हातारा. तिसऱ्या दिवशी खिचडीच्या सुट्टीत आले आणि म्हणले, जवारीला मी म्हननार न्हाई. चिंचोक्याला म्हंतो.

त्यानंतर रोज खिचडी झाली की शाळेच्या ओट्यावर आजोबा आणि नात समोरासमोर बसायचे, मधे चिंचोके. मामा पहिला चिंचोका उचलायचे, इकडं तिकडं बघायचे आणि कडू औषध गिळावं तसं म्हणायचे, येक. आता आणखी पंचाईत. आमच्या खेड्यापाड्यात कुणी एक म्हणत नाही, सगळे येकच म्हणतात. एरवी मी कानाडोळा केला असता. पण दुधानं तोंड भाजलं होतं. तपासायला कुणी पुण्या-बिण्याकडचं आलं आणि येकवरून अडलं तर? म्हणून मी दोघांनाही उच्चार घोटायला लावला. येक नाही, एक. जीभ मागं घ्या मामा. एक. हातात छडी नव्हती एवढंच. ज्ञानेश्वरी माझ्यावर ताण करायची. आजोबांचा लाभ निसटला की कमरेवर हात ठेवून म्हणायची, आबा, काय सांगितलंय बाईनं? ते मुद्दाम चुकायचे आणि ती चिडली की तोंडात दात नसलेलं हसायचे. माणिकप्पा सर ऑफिसातून बघायचे आणि म्हणायचे, सिंधुबाई, दुसरीचा पट एकानं वाढला म्हणून कळवू का वर? गंमत करायचे. बाकी सगळा वैताग होता, पण ती अर्धी-अर्धी घंटा चांगली गेली. माझं घरचं भांडण, जीपचे धक्के, सगळं तेवढ्यापुरतं विसरायला व्हायचं.

संक्रांत गेली. व्यंकट काही पोरीला न्यायला आला नाही. म्हणजे शब्द पाळतोय, असं मी समजले.

सोहळ्याच्या दिवशी पटांगणात मांडव घातला. सरपंच, गावातली माणसं, लेकरांच्या आया. लातूरहून व्यंकट आणि राजकन्या आले, लखन तिच्या कडेवर. व्यंकटनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. बसा म्हणलं तर बसेना. तपासायला योगायोगानं तेच सॅकवाले गुरुजी आले होते. त्यांनी ज्ञानेश्वरीला ओळखलं आणि माझ्याकडं बघून किंचित मान हलवली.

तिला सगळ्यांसमोर टेबलाशी बोलावलं. गुरुजींनी मूठभर चिंचोके ओतले. मोज बाळा, म्हणले. तिनं पहिला चिंचोका उचलला आणि थांबली. तिची जीभ वर टाळूला लागलेली मला दिसत होती. ल म्हणायला लागते तिथं. मी देवाचं नाव घेतलं. तिनं माणसांत आजोबांना शोधलं. मामा शेवटच्या ओळीत उभे राहिले, आणि त्यांनी हात वर करून एक बोट दाखवलं.

“एक,” ती म्हणली.

मग काय थांबते. दोन, तीन, चार, ढीग घातले, बेरीज सांगितली, वजाबाकी सांगितली. गुरुजींनी पुस्तक पुढं केलं तर पानभर धडा खडखडा वाचला. गुरुजी हौसेनं तिसरीतलं एक गणित विचारून बसले, तेही तिनं सांगितलं. मांडवात टाळ्या पडल्या. सरपंचांनी फ्रॉकला बिल्ला लावला. मामा रुमाल तोंडाला लावून हुंदके देत होते, आणि खोटं कशाला बोलू, मलाही रडू आलं. जमलं एकदाचं, असं मी माणिकप्पा सरांना तीन-चारदा म्हणाले असेन.

चुरमुऱ्याचा सुशीला आणि बुंदी वाटत होते तेव्हा व्यंकट माझ्याकडं आला. वाकून पाया पडला. मी अहो, अहो, म्हणत मागं सरले. त्याचे डोळे भरले होते. खरोखर भरले होते, नाटक नव्हतं ते.

“बाई, तुमचे लई उपकार हायत,” तो म्हणला. “एवढं हुशार लेकरू. आता हिला हितं ठिवून कसं चालंल?”

मला आधी समजलंच नाही. मी म्हणलं, अहो, बिल्ला मिळाला, आता राहणार ना ती इथं. आपलं ठरलं होतं. तो म्हणला, नापास झाली असती तर न्यायची म्हणत होतो, बाई. आता तर न्यायलाच पाहिजे. माझं टाळकं सरकलं. मी त्याला नको नको ते बोलले. इंग्लिश शाळेत काय सोन्याचा फळा असतो का, इथं शिकली तेव्हाच हुशार झाली ना, शब्दाला काही किंमत आहे का नाही तुम्हाला. लोक वाटीतला सुशीला खायचा थांबवून बघायला लागले. व्यंकटनं सगळं ऐकून घेतलं.

“रोज दुसऱ्याच्या लेकराचे फोटो लावून राहिलो मी,” शेवटी म्हणला. “शिडीवर चढून. माझ्या लेकराचा कधी लावायचा?”

राजकन्या मागं उभी होती. ती हळूच म्हणली, माझंबी लेकरू हाय, बाई, मला वाटत न्हाई का जवळ असावं. आईच्या तोंडावर कसं म्हणणार, की तू लांब बरी होतीस म्हणून. मी मामांकडं बघितलं. तुम्ही तरी सांगा की मामा, म्हणलं. तुमचंच लेकरू आहे, तुमचं ऐकेल तो.

मामा बुंदीची वाटी हातात धरून उभे होते, खात नव्हते. “उभी हयात लोकाचा माल मापून दिला, बाई,” म्हणले. “मापून झाला की गाडी भरतात.”

ज्ञानेश्वरी त्यांच्या धोतराला धरून उभी होती. मोठ्यांचं बोलणं तिला कळलं होतं, लेकरांना सगळं कळतं. तिनं फ्रॉकवरचा बिल्ला काढायला घेतला. पिन निघेना, तशी ती आजोबांकडं मान वर करून बघायला लागली.

“आबा, बिल्ला वापस दिला तर?”

मामा गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि त्यांनी तो बिल्ला नीट सरळ करून दिला. पिन टोचत नाही ना, एवढं विचारलं. मी मात्र तिथं थांबू शकले नाही. मागच्या बाजूला खिचडीच्या खोलीत जाऊन उभी राहिले. त्या पोरीला लाभ म्हणू दिलं असतं तर फार तर काय झालं असतं, हे त्या दिवसापासून मी शंभरदा डोक्यात घोळवलंय. लाभ म्हणली असती तरी नेली असती. एक म्हणली तरी नेली. मग आम्ही तीन महिने ओट्यावर बसून केलं काय?

वर्ष संपलं आणि उन्हाळ्यात तिला नेलं. दाखला माणिकप्पा सरांनी लिहिला. मला लिहा म्हणले होते, मी रजा टाकली.

जूनमध्ये शाळा भरल्या आणि पुन्हा एक सर्वेक्षण आलं. या खेपेला शाळेबाहेरची मुलं शोधायची होती. तीच गल्ली, तीच कुलपं, तेच ऊन, पाऊस काही पडलेला नव्हता. पारामागं आले तेव्हा वाटलं, या घरी न विचारताच भरून टाकावं. पण ते मोबाईलचं असं आहे की दारात उभं राहून फोटो काढल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

मामा ओसरीवर बसले होते. मला बघून उठले, तांब्याभर पाणी आणून दिलं. तब्येत बरी आहे म्हणले. पोरगी कशी आहे विचारलं तर म्हणले, रविवारी फोनवर बोलती, इंग्लिशमदी मोजून दावती. मला नुसतं हुं हुं म्हणत बसावं लागतं. यावर ते हसले, मीही हसले. मोबाईलवर तो प्रश्न तसाच उघडा राहिला होता. सवयीनं माझ्या तोंडातून गेलं, घरात माणसं किती, मामा?

विचारलं आणि जीभ चावली. मामांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, जिथं सूप घेऊन ती बसायची.

“एक,” म्हणले.

येक नाही. एक. अगदी स्वच्छ, जीभ जागच्या जागी, मी घोटून घेतला होता तसा.

मी म्हणलं, “मामा, असं काय म्हणता. लाभ म्हणा की.”

त्यांनी मान हलवली. चिडून नाही, एखाद्या पोराला समजावून सांगावं तसं म्हणले, “पुढं दोन यायचं असंल तर पहिल्याला लाभ म्हंत्यात, बाई. तुमी एक लिवा.”

मी एक लिहिलं. खालचं बटण दाबलं, आणि अजून अर्धी गल्ली राहिली होती म्हणून उठले.